लाल पेन कपाटावर ठेवून

अकलूज,
६ जानेवारी

अहो,

पत्र वाचायला घेण्याआधी खिशातलं लाल पेन काढा आणि कपाटावर ठेवा. ठेवलंत? नसेल ठेवलं तर पुढे वाचू नका.

फोन का केला नाही म्हणाल. फोनवर मी चार वाक्यं बोलले की पाचव्याला तुम्ही मला अडवता. 'तसं नाही म्हणत, असं म्हणतात.' मग मला काय सांगायचं होतं तेच मी विसरते. आता या वयात मला ते झेपत नाही. कागदावर निदान तुम्हाला मधे बोलता येणार नाही.

मी नीट पोचले. पंढरपूरच्या पुढे उसाच्या ट्रॅक्टरमागे एसटी रखडली, तेवढाच काय तो उशीर. हिंदुराव व्याही स्वतः स्टँडवर घ्यायला आले होते. पिशवी मला उचलू दिली नाही. घरी सारजाबाई विहीणबाईंनी पायावर पाणी घातलं आणि म्हणाल्या, "आता ह्ये तुमचंच घर हाय. लाजू नगा." मला लाज वाटायची ती वाटलीच. पहिलं बाळंतपण माहेरी असतं. लेक आईकडे येते. इथे आई लेकीच्या सासरी येऊन पडलीय, तेही कपड्यांची बॅग आणि डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन. शेजारच्या बायका चहाला म्हणून येतात आणि माझ्याकडे टक लावून बघतात. "सोलापुरात दवाखानं न्हाईत व्हय?" असं एकीनं विचारलंसुद्धा. मी हसून वेळ मारून नेली.

ऋतुजा बरी आहे. पायांना सूज आहे. डॉक्टर म्हणतात मीठ कमी करा. ती माझ्याशी बोलते, हसते, तुमचं नाव निघालं की उठून आत जाते. उदयसिंह मधल्या मधे अवघडतात बिचारे.

मी तेच तेच उगाळते असं तुम्हाला वाटेल. वाटू दे. केराबाई आजी गेल्या, तेव्हा सारजाबाईंनी त्यांच्या 'घरची माणसं' ग्रुपवर आपल्या सासूबद्दल लिहिलं. चौथीपर्यंत शिकलेली बाई. मोबाईलवर मराठी लिहायला तिला आपल्या ऋतुजानं शिकवलं. एक अख्खी दुपार खपून तिनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या मनाचं काही लिहिलं. आणि त्याच्या खाली, सगळ्या पाहुण्यांसमोर, तुम्ही चुकांची यादी टाकलीत. नंबर घालून. शेवटी 'कृपया राग नसावा'. पुण्याच्या पुतण्यांनी खाली हसरी तोंडं चिकटवली. त्या दिवसापासून सारजाबाईंनी त्या ग्रुपवर एक अक्षर लिहिलेलं नाही. मोबाईल फळीवर उपडा पडलेला असतो. वाजला तर घेतात, एरवी हात लावत नाहीत.

ऋतुजानं तुम्हाला फोनवर सांगितलं ते मी इथे पुन्हा लिहिते, कारण तुम्ही ते मनावर घेतलेलं नाही. तुम्ही सारजाबाईंशी स्वतःहून नीट बोलत नाही तोवर ती बाळाला घेऊन सोलापूरच्या घराची पायरी चढणार नाही. ती तुमचीच मुलगी आहे. म्हणते म्हणजे करेल.

मला फार काही नको. बाळ यायच्या आत विहीणबाईंना दोन ओळी लिहा. तुमच्या प्रेसमध्ये तुम्ही दुसऱ्यांच्या लाखो ओळी बघितल्यात. दोन स्वतःच्या लिहा.

कडक भाकरी डब्यात आहेत, शेंगाचटणी वरच्या फळीवर. पाणी येईल तेव्हा आधी पिण्याचं भरा, मग टाकीचं.

रुद्राणी


अकलूज,
१५ जानेवारी

अहो,

पोस्टमन आला तेव्हा मी पळत दारात गेले. पाकिटावर तुमचं अक्षर. ऋतुजा पण बाजेवरून उठून बसली. दाखवलं नाही तिनं, पण बसली.

आत माझंच पत्र होतं.

लाल पेन कपाटावर ठेवलं नव्हतंत तर. पानभर लाल खुणा. समासात खुणा, ओळींच्या वर खुणा, तुमच्या प्रेसमधल्या त्या गोल वेटोळ्या. मी लिहिलं होतं की ऋतुजाच्या पायांना सूज आहे. तिथे तुम्ही एक स्वल्पविराम घातलाय. सूज उतरली का, हे विचारलेलं नाही. सगळ्या पत्रात तुमची स्वतःची अशी एकही ओळ नाही. शेवटी फक्त तुमची सही आणि तारीख, प्रूफ पास केल्यावर करायचात तशी.

मला आधी हसू आलं. खरंच सांगते. मग ऋतुजानं ते पत्र माझ्या हातातून घेतलं, दोन्ही बाजूंनी बघितलं आणि म्हणाली, "अव्वा, अप्पांना बाळ झाल्याचं कळवशील ना, तेव्हा जोडाक्षरं सांभाळ." मग मला हसू आलं नाही.

काल संक्रांत झाली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा सिद्धरामेश्वराची गड्ड्याची जत्रा चुकली माझी. नंदीध्वजांची मिरवणूक मोबाईलवर बघितली, पोरीच्या पायाला तेल लावता लावता. तुम्ही गेला होतात का? की घरी बसून जत्रेच्या फोटोंखाली कुणी काय चुकीचं लिहिलंय ते शोधत होतात?

मला सगळं कळतं बरं का. पंचाक्षरींच्या बायकोचा फोन आला होता. आपल्या बाळीवेशीतल्या 'पाणी आलं का' ग्रुपमधून तुम्हाला काढलं म्हणे. त्यांची सून घाईघाईनं लिहिते, आज पाणी कधी येणार, आणि तुम्ही तिला 'येणार' कसं लिहावं ते शिकवता. अहो, तिच्या घरी दोन लहान लेकरं आहेत, चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येतं, तिला शुद्धलेखनाचं काय करायचंय? पंचाक्षरींनी तुम्हाला दोनदा सांगितलं होतं. शेवटी काढलं. मग मंगळवारी पाणी आलं ते तुम्हाला कळलंच नाही आणि तुम्ही गुरुवारपर्यंत घागरी मोजत बसलात. पंचाक्षरींची बायको म्हणत होती, "काका विकतचा जार घेऊन जिना चढत होते, बघवलं नाही." मला ऐकवलं नाही.

जा आणि पंचाक्षरींना विचारा. दार समोरच आहे. इथून मी फोन करून तुमचं पाणी भरून देणार नाही. मी दमले आहे. इथे परक्या घरात पहाटे उठून पाणी तापवते, पोरीचं बघते, हसून सगळ्यांना उत्तरं देते, आणि वर तिथला नळ पण मीच सांभाळायचा का?

एक सांगू? तुम्हाला वाईट माणूस मी कधीच म्हटलं नाही. लोक म्हणतात, 'काकांना शहाणपणा मिरवायची हौस'. मी त्यांच्याशी भांडते. मला माहीत आहे ना. अक्कलकोटकडच्या खेड्यातनं तुम्ही पाचवीला सोलापुरात आलात, घरात सगळी कानडी, आणि मराठी शाळेत पहिल्याच दिवशी तोंड उघडलं तर वर्ग हसला. मास्तर पण हसले. लग्नानंतर गच्चीवर गाद्या टाकल्या होत्या तेव्हा तुम्ही सांगितलं होतंत. म्हणाला होतात, कुणी एकानं जरी बाजूला घेऊन चूक सांगितली असती ना, तर इतकं हसं झालं नसतं. तुम्हाला वाटतं तुम्ही लोकांना त्या हसण्यातून वाचवताय. म्हणून तर ज्याच्या त्याच्या मागे धावता, मोबाईलवर वर्तमानपत्राच्या बातमीखाली, नाटकाच्या चर्चेत, शेंगाचटणीच्या पाककृतीखाली. मला ते कळतं. पण सारजाबाईंना कुणी हसत नव्हतं हो. तुमच्या यादीनंतर हसले.

आणि भांडताना अजून कानडीतच भांडता. तेव्हा कुठे जातात सगळे नियम?

हे पत्र परत पाठवलंत तर मी ते चुलीत घालीन.

रुद्राणी


अकलूज,
२४ जानेवारी

अहो,

तुमचं पत्र मिळालं. या वेळी तुमचं स्वतःचं. सूज उतरली का विचारलंत, बरं वाटलं. थोडी उतरली. डॉक्टरांनी दिलेली तारीख जवळ आली आहे, बाळ खाली सरकलंय म्हणतात. घरात सगळे हळू आवाजात बोलायला लागलेत.

तुम्ही लिहिलंय की चूक दाखवणं म्हणजे अपमान करणं नव्हे. लिहिलंय की चूक दिसली की तुम्हाला राहवत नाही, डोळ्यात कुसळ गेल्यासारखं होतं. खरं असेल. तीस-पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढायचाच पगार घेतलात, आता निवृत्त झाल्यावर डोळे कुठे ठेवणार? मी त्यावर काही म्हणत नाही.

पण सोबत सारजाबाईंसाठी मसुदा पाठवलात, तो मी त्यांना दाखवलेला नाही. 'माझ्या टिप्पणीमुळे आपल्या भावना अनवधानाने दुखावल्या गेल्या असल्यास मी दिलगिरी व्यक्त करतो.' एक चूक नाही त्यात. महानगरपालिकेनं पाणीपुरवठा बंद राहील म्हणून कळवावं तसं आहे. ऋतुजानं वाचलं आणि घडी करून मला परत दिलं. मला वाटतं रागावली असती तर बरं झालं असतं.

काल दुपारी मी आणि सारजाबाई गोठ्यापाशी बसलो होतो. त्या वैरण सारत होत्या, मी आळीव निवडत होते. मीच विषय काढला. म्हटलं, "विहीणबाई, आमच्या ह्यांचं मनावर घेऊ नका. सवय आहे त्यांची ती."

त्या म्हणाल्या, "न्हाई वो. व्याही शिकल्यालं माणूस हाय. माजं चुकलंच आसंल. शाळा कुटं लई शिकले मी? चुका दावल्या त्येचं काय न्हाई."

मग हातातली वैरण जनावरापुढे सारली.

"पर मी आत्याबाईवर लिवलं हुतं. काय लिवलं त्येच्यावर कुणी येक सबूद बोललं न्हाई. समदी त्येंच्या यादीवरच बोलली. मग मला वाटलं, आपलं लिवलेलं कुणाला वाचायचंच न्हाई, तर लिवायचं कशापाय?"

मी आळिवाचं सूप खाली ठेवलं.

आता मला एक आठवतंय, ते सांगते. तुम्ही नोकरीत होतात तेव्हा नव्या पोरांना शिकवायचात. घरी पण कौतुकानं सांगायचात. प्रूफ वाचताना मजकूर वाचायचा नाही. अर्थात शिरलं की चूक निसटते. फक्त अक्षरं बघायची, एकेक. ओळ उलटीकडून बघितली तर आणखी चांगलं. एकदा पहिल्या पानावर तुमच्याच मित्राच्या अपघाताची बातमी होती. तुम्ही ती तपासून पास केलीत, घरी येऊन जेवलात, आणि सकाळी शेजाऱ्यांनी सांगितल्यावर तुम्हाला कळलं. हातातला चहा तसाच राहिला होता तुमचा. मी बघितलंय ते.

सारजाबाईंचं लिहिणं आलं त्या दिवशी मी स्वयंपाकघरात होते. मी ते वाचलं आणि ओट्याला टेकून उभी राहिले. पदरानं डोळे पुसून बाहेर आले तर तुमची यादी गेलेली होती. मी तुम्हाला विचारलं, "अहो, वाचलंत का तुम्ही?" तुम्ही चष्मा काढून म्हणालात, "वाचल्याशिवाय तपासलं कसं?"

मी परत आत गेले. भाजी करपत होती.

त्यात काय लिहिलं होतं ते तुम्हाला आज आठवतं का, बघा. चुका सगळ्या आठवत असतील. त्या सोडून. मी इथे उतरवून देणार नाही. तुमच्या मोबाईलवर आहे. वरती सरकवत गेलात की सापडेल.

मसुदा परत पाठवते आहे. माझ्या खुणा नाहीत त्यावर.

रुद्राणी


अकलूज,
३० जानेवारी

अहो,

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहिते आहे. मुलगी झाली. सकाळी. दोघी सुखरूप आहेत. हे तुम्हाला ग्रुपवर कळलंच आहे, पण मी माझ्या हातानं लिहिते. नाक तुमचं आहे. ऋतुजाला मी तसं म्हटलं नाही.

पहाटे कळा सुरू झाल्या. उदयसिंहांनी गाडी काढली. आत नेल्यावर मी आणि सारजाबाई बाहेर बसलो. त्यांनी माझ्या मांडीवर आपली शाल टाकली आणि बोलत राहिल्या, मला वाटतं मी घाबरू नये म्हणूनच.

म्हणाल्या, "माज्या येळंला मला म्हायेर न्हवतं. आई ल्हानपणीच गेल्याली. भाऊ न्यायला आला, पर भावजयीच्या हाताखाली बाळातपण म्हंजे काय, बाईलाच ठावं. आत्याबाईनं त्येला पोटभर जेवाय घातलं आन् म्हनल्या, जा तू. हिची आई हितंच हाय. समद्या भावकीनं नावं ठिवली, सून घरात बाळातीन केली म्हनून. त्येंनी कुणाचं ऐकलं न्हाई. माज्या बाजंखाली शेगडी ठिवायच्या आन् सोता दाराशी घोंगडं टाकून निजायच्या. सव्वा म्हैना."

मी शाल पायांवर ओढून घेतली.

"म्या लिवलं हुतं की त्ये," त्या म्हणाल्या. "ऋतुजा म्हनली, मी सोलापूरला न्हाई जात, तवा मला आत्याबाईच दिसल्या. म्हनलं, हिला तर आई हाय. मग आईलाच हितं आनू."

तर असं आहे. मी या घरात आले ती त्या लिहिण्यामुळे आले. ज्या बाजेवर ऋतुजा झोपते ती तीच बाज आहे. पोरगी तुमच्यावर रुसली आणि तिला जागा मिळाली ती केराबाईंनी केलेली होती. सारजाबाईंनी तेच लिहिलं होतं आणि तुम्ही त्यातल्या वेलांट्या मोजल्यात. मला आता राग पण येत नाही. नुसता थकवा येतो.

पुढचं ऐका. बाळ झाल्यावर नर्सनं बाहेर येऊन सांगितलं. सारजाबाईंनी कमरेची पिशवी सोडली, मोबाईल काढला आणि एकेक अक्षर शोधत स्वतः ग्रुपवर लिहिलं. कुणाला विचारलं नाही, कुणाला दाखवलं नाही. इतक्या महिन्यांनी. हिंदुराव व्याही बघतच राहिले. चुका होत्या. मला पण दिसल्या, तुमच्याबरोबर संसार केलाय मी. लोकांचे अभिनंदनाचे निरोप यायला लागले. मग तुमच्या नावाखाली आलं, 'टाइप करत आहेत'.

आम्ही आत ऋतुजाजवळ होतो तेव्हा. ती पडल्या पडल्या बघत होती. उदयसिंहांनी मोबाईल तिच्यासमोर धरला होता. सारजाबाई बाळाला घेऊन कोपऱ्यात उभ्या होत्या आणि आम्ही काय बघतोय ते त्यांना कळत होतं. टाइप करत आहेत. थांबलं. परत टाइप करत आहेत. अहो, किती वेळ. मी मनातल्या मनात सिद्धरामेश्वराला हात जोडले. आजच्या दिवस नको म्हटलं. आजच्या दिवस ह्यांना काही दिसू देऊ नको.

मग ते थांबलंच. काहीच आलं नाही.

यादी आली नाही म्हणून मी सुटकेचा श्वास सोडला, आणि ऋतुजानं भिंतीकडे तोंड केलं. म्हणाली, "दोन शब्द पण नाहीत त्यांच्याकडे." आणि रडली. बाळंतिणीनं रडू नये म्हणतात. तुमच्यासाठी रडली.

आता मी तुम्हाला काही सांगणार नाही. सांगून झालंय सगळं. सव्वा महिना इथे राहीन. नंतर मी सोलापूरला येईन, एकटी. पोरीला आणायचं मी तरी कशाच्या जोरावर म्हणू? बाळंतविड्याची साडी मी इथूनच घेईन. तुम्ही धावपळ करू नका.

गॅसचा नंबर लावायचा राहिलाय. लावा.

रुद्राणी


अकलूज,
४ फेब्रुवारी

अहो,

काल संध्याकाळी तुमचं पाकीट मिळालं. माझ्या पत्राची वाट न बघता लिहिलंत, म्हणून आधीच सांगते, माझं तीस तारखेचं पत्र तुम्हाला मिळेल ते जरा कडू आहे. वाचा, पण तिथेच सोडा.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. एवढी खाडाखोड तुमच्या हातून मी कधी बघितली नव्हती. एक ओळ तर अर्धीच सोडलीय, पुढच्या ओळीशी तिचा काही संबंध नाही. तुम्ही लिहिता, विहीणबाईंचा निरोप बघितला आणि बोट आपोआप चुकांवर गेलं. तिसऱ्या शब्दापर्यंत टाइप झालं होतं. पुसलंत. मग अभिनंदन लिहिलंत, ते कोरडं वाटलं, पुसलंत. मग काहीच सुचेना. माणसाला नात झालीय आणि माणसाला काही सुचत नाही, याची भीती वाटली असं लिहिलंय तुम्ही. मग वर सरकवत गेलात, सप्टेंबरपर्यंत.

मला एवढंच माहीत नव्हतं. आम्ही इथे भिंतीकडे तोंड करून बसलो होतो आणि तुम्ही तिथे बसून केराबाईंचं वाचत होतात.

परवा काय झालं ते सांगते. ऋतुजाला शेक देऊन झाला होता. सारजाबाई पोरीला पायावर घेऊन अंघोळ घालत होत्या. फळीवर मोबाईल वाजला. उदयसिंहांनी बघितला आणि म्हणाले, "आई, तुझ्या जुन्या मेसेजला कुणीतरी उत्तर दिलंय."

"कुठल्या?"

"आजीच्या."

सारजाबाईंनी पोरगी माझ्याकडे दिली, हात पदराला पुसले आणि मोबाईल घेतला. चष्मा लावला नाही. लांब धरून, ओठ हलवत वाचलं. तुम्हाला पाठ असेल तरी लिहिते, त्यांनी वाचलं तसं. "विहीणबाई, तुम्ही हे लिहिलेलं मी आत्ता कुठे वाचलं. माझी आई पण माझ्या बायकोच्या बाळंतपणात दाराशीच झोपायची. मी ते विसरलो होतो."

झोपायच्या हो तुमच्या अव्वा. हातात काठी घेऊन झोपायच्या, मांजर येईल म्हणून. मी पण विसरले होते.

सारजाबाईंनी परत एकदा वाचलं. मग मान वर करून मला विचारलं, "आत्ता वाचलं म्हनत्यात. मग तवा काय केलं हुतं?"

मी म्हटलं, "तेव्हा तपासलं होतं."

त्या जे हसायला लागल्या ते थांबेनात. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी हसतच होत्या. मी पण हसले. पोरगी ओली ती माझ्या मांडीवर, ती रडायला लागली. ऋतुजा बाजेवरून म्हणाली, "काय झालं? मला पण सांगा की." उदयसिंहांनी तिला मोबाईल नेऊन दिला.

तिनं वाचलं. बराच वेळ तिच्याकडे होता मोबाईल. मी मुद्दाम तिकडे बघितलं नाही. पोरीला पुसलं, गुंडाळलं, काजळ घातलं. मग ती म्हणाली, "अव्वा, अप्पांनी शेवटी पूर्णविराम दिलेला नाही."

मी म्हटलं, "राहिला असेल."

"राहू दे," ती म्हणाली. आणि तिनं बाळाला मागून घेतलं.

सारजाबाईंनी तुम्हाला उत्तर लिहिलंय, ते तुम्ही बघितलं असेल. मला दाखवलं नाही, म्हणाल्या, आमचं व्याही-विहिणीचं हाय. काय लिहिलंय ते मला सांगू नका. पण वाचा बरं का.

आता कामाचं. बारसं इथे होईल. तुम्ही या. अंगठीबिंगठीच्या भानगडीत पडू नका, अव्वांची ती लाल गोधडी ट्रंकेत आहे, तेवढी उन्हात घालून आणा. सव्वा महिना झाला की ऋतुजा बाळाला घेऊन सोलापूरला येते आहे. तिनंच सांगितलं, मी विचारलं नव्हतं. ऊन फार तापायच्या आत चार दिवस राहीन म्हणाली. सारजाबाई पण येणार आहेत पोचवायला.

तर लहान लेकरू घरात येतंय, दुपटी रोज धुवायची असतात. टाकी भरलेली पाहिजे. तुम्ही आजच पंचाक्षरींच्या दारात जा, तुम्हाला परत ग्रुपमध्ये घ्या म्हणावं, आणि पाणी कधी येतं ते त्यांच्या सुनेला विचारा. ती लिहील तसं वाचा.

हे पत्र परत पाठवू नका. ठेवून घ्या.

तुमची,
रुद्राणी